टाकून दिलेले दिवस

प्रिय चीफ,

तुला फक्त हो की नाही एवढंच हवं होतं. गेल्या आठवड्यात फोनवर तू तसं दोनदा बजावलंस आणि दोन्ही वेळा मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच, हे तू एव्हाना ओळखलं असशील. उत्तर या पत्रात आहे. पण ते शेवटी आहे, आणि कुठलंही पुस्तक मागून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून पानांवर आकडे घालून ती पाकिटात मुद्दाम विस्कटून भरणार आहे. आधी पानं लाव, मग वाच. इंजिनरूममध्ये हजार गोष्टी जागच्या जागी ठेवतोस, एवढंही जमेल.

मुद्दा तोच, जो गेले कित्येक महिने आपल्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो. टेकडीवरच्या विशेष मुलांच्या निवासी संस्थेत आपल्या भुंग्यासाठी एक जागा रिकामी झाली आहे आणि महिनाअखेरपर्यंत कळवलं नाही तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला मिळेल. तू म्हणतोस, पाठवूया. मी म्हणत आले की आपला मुलगा घरी चांगला असतो, एकोणीस वर्षं मी त्याला सांभाळलंय, यापुढेही सांभाळीन. तुझ्या मते माझी माया आंधळी आहे. माझ्या मते तू पाहुण्यासारखा येतोस आणि निकाल देऊन जातोस. दोघांचंही थोडं खरं असेल, हे मात्र आपल्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

अक्षर नेहमीपेक्षा वाकडं दिसेल. डाव्या हाताला अजून प्लास्टर आहे, त्यामुळे कागद धरता येत नाही आणि तो टेबलावर सरकत राहतो. वजन म्हणून भुंग्याचा मग ठेवलाय. मी बरी आहे. म्हणजे दुखत नाही. खरं सांगायचं तर दुसरंही काही होत नाही. कॉलेजात जाते, शिकवते, वर्गात मुलं हसली की कळतं, मी काहीतरी गमतीचं बोलले असणार. परवा उत्तरपत्रिका तपासताना लक्षात आलं की एका अख्ख्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांना मी सारखेच गुण दिलेत. पुन्हा तपासायला घेतला तेव्हा लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही, नुसता तपासला. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, रजा घे. रजा घेऊन काय करायचं असतं, असं मी तिला विचारलं तर तिला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते, मला खरंच माहिती हवी होती.

तुला तो बसस्टॉप आठवतो? तू पहिल्यांदाच बोटीवरून सुट्टीला आला होतास, माझं संशोधन नुकतं सुरू झालं होतं आणि बस काही येत नव्हती. मी कशावर काम करते असं तू विचारलंस. मुलीला खूश करायला असले प्रश्न विचारणारे मला पुष्कळ भेटले होते, म्हणून तुला पळवून लावायला मी खरंच सांगायला लागले. क्रमिका म्हणजे एकामागून एक येणाऱ्या संख्यांची कधीही न संपणारी रांग. तिच्यातल्या काही गाळून, उरलेल्या न संपणाऱ्या संख्या त्याच क्रमाने घेतल्या की ती उपक्रमिका. आणि मूळ रांग जर एका ठिकाणाच्या जवळ जवळ जात असेल, तर तिच्यातून हवी तशी निवड कर, ती निवडही त्याच ठिकाणी पोचते. तू गंभीर तोंड करून म्हणालास, म्हणजे मी वर्षातले थोडेच दिवस घरी असलो तरी पोचणार तिथेच. तेवढ्यात बस आली आणि आपण दोघांनीही ती सोडली. लग्नाला होकार मी तिथेच दिला, असं तू अजून सांगत फिरतोस. सिद्धांत बरोबर होता. पण मी ज्या गोष्टीवर काम करत होते तिच्यात तो लागू पडत नाही, हे सांगायच्या आत दुसरी बस आली.

तेव्हा राहिलं ते आता सांगते, जांभया देऊ नकोस. साध्या अभिसरणात, म्हणजे रांगेच्या एका ठिकाणी पोचण्यात, रांगेतल्या मोजक्याच संख्यांकडे कानाडोळा करायची मुभा असते. सुरुवातीच्या काही भरकटल्या तरी चालतं, पण पुढे सगळ्यांनी शिस्तीत यायचं. माझ्या कामात ही मुभा मोठी आहे. तिथे आधीच ठरवून घ्यायचं की रांगेतल्या कुठल्या जागा सोडून दिल्या तरी बिघडत नाही, आणि त्यांची एक टोपली करायची. या टोपलीला आमच्यात आयडियल म्हणतात, नाव ठेवणाऱ्याने काय पाहून ठेवलं कोण जाणे. टोपलीत टाकलेल्या गठ्ठ्याचा कुठलाही तुकडा टोपलीतच राहतो. टोपलीतले दोन गठ्ठे एकत्र बांधले तरी ते टोपलीतच. आणि अख्खी रांग टोपलीत कधीही जाता कामा नये. एवढं पाळलंस की तू छातीठोकपणे म्हणू शकतोस, टाकलेलं सोडून बाकी सगळं अमुक ठिकाणी जातं, म्हणून माझ्या लेखी रांगच तिथे जाते. यात मेख अशी की टाकलेले गठ्ठेसुद्धा न संपणारे असू शकतात, विरळ असले म्हणजे झालं. आणि कुणी नेमक्या त्या टाकलेल्या जागांचीच उपक्रमिका केली, तर ती भलतीकडेच पोचते. रांग चांगली असते आणि बघणाऱ्याच्या वाट्याला सगळं टाकाऊच येतं.

तुझे घरी यायचे दिवस मी कायम त्या टोपलीत टाकत आले. जहाज जवळच्या बंदराला लागलं की तू दोन-तीन दिवसांसाठी येतोस. पॅसेजमध्ये तुझी बॅग उभी राहते, न्हाणीघरात वेगळा साबण येतो, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीत एक माणूस बसतो आणि तो मोठ्याने हसतो. भुंगा पहिल्या तासाभरात गुणगुणायचा थांबतो. लोकांना त्याची ती भुणभुण नकोशी होते, तिच्यावरूनच त्याचं नाव पडलं, पण ती थांबली की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावते. मग कपाळ दारावर आपटणं, मग ताटल्या. तू त्याला धरायला जातोस, तो तुझ्या हाताला चावतो, आणि हाताला पट्टी बांधून तू बोटीवर परत जातोस. तू गेलास की लवकरच तो पुन्हा गुणगुणायला लागतो. हे तुला मी सरळ कधी सांगितलं नाही. ज्या माणसाने याच मुलासाठी उभं आयुष्य इंजिनाच्या धगीत काढलं, तो दारात उभा असताना त्याला काय सांगायचं, तू आलास की घर बिघडतं म्हणून?

फक्त एकदा तू लांबलचक रजेवर होतास, कंबर धरली होती तेव्हा. शेवटच्या सकाळी तो वॉशिंग मशीनसमोर मांडी घालून बसला होता, बसतो तसा, गोल काचेला नाक लावून. तू कण्हत कुथत त्याच्या शेजारी फरशीवर बसलास आणि तो उठून गेला नाही. ड्रम थांबेपर्यंत तुम्ही दोघे तसेच होतात. मी हातात चिमट्यांचा डबा घेऊन दारात उभी होते आणि मला आत यायचा धीर होत नव्हता. दुपारी निघताना तू म्हणालास, आज कसा काय शांत होता कोण जाणे, अपवादच म्हणायचा. तू तो दिवस तिथल्या तिथे टाकून दिलास. मला इतका राग आला होता की तुझा डबा भरताना मी त्यात चमचा ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात तू माझाच सिद्धांत माझ्या तोंडावर फेकलास. ते वाक्य मला पाठ झालंय. “तूच म्हणाली होतीस, हवी तशी निवड कर, पोचते तिथेच. मी माझी निवड केली. इतक्या वर्षांत मला वेगळं काही दिसलं नाही.” त्यावर माझं दूध उतू गेलं. पण फोन ठेवल्यावर उत्तर सुचलं आणि ते झकास होतं. मी ते भांडी घासताना मोठ्याने म्हणून पाहिलं. प्रत्येक दिवसासाठी नाणं उडवून, छापा पडला तरच घरी यायचं, असं तू केलं असतंस, तर मूळ रांग जिथे जिथे पुन्हा पुन्हा जाते ती सगळी ठिकाणं तुला जवळजवळ नक्की दिसली असती. हे सिद्ध झालेलं आहे, माझं मत नाही. पण तुझे दिवस नाण्याने निवडलेले नव्हते. तू आलास हेच त्या दिवसांचं कारण होतं, तू पाहायला आलास म्हणून ते तसे झाले, आणि तू तेच पुरावा म्हणून मांडतोस. इतकं बिनतोड उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल. ऐकायला भांडी होती.

ते उत्तर घेऊन मी दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले, जागा नको असं समोरासमोर सांगायला. भुंग्याला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे बसवलं होतं. त्यांच्याकडे बटणांची बरणी आहे, ती पालथी करून तो रंगांप्रमाणे बटणं लावतो आणि त्या त्याच्या गुणगुणण्यावर मशीनचं पायडल मारतात, असं त्याच म्हणतात. संस्थेच्या प्रमुख बाईंनी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या आणि चष्मा कपाळावर सरकवला होता. मी नाही म्हणायला आले असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, हरकत नाही, इतक्या लांब आलात तर आमचे नेहमीचे प्रश्न विचारून घेते. झोप, जेवण, औषधं, कशाची भीती. मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी फडाफड उत्तरं देत गेले. मग त्यांनी विचारलं, “त्याचा साधा दिवस कसा असतो?”

मी सोमवारपासून सुरुवात केली. पण सोमवारी शिंपीणबाई गावाला गेल्या होत्या, त्यामुळे तो दिवस धरायचा नाही. मंगळवारी वीज गेली आणि ड्रम अर्ध्यात थांबला, तेव्हा तोही नाही. बुधवारी कुणीतरी चुकून आपली बेल वाजवली. मग म्हटलं, चांगला दिवस सांगावा, तर गुरुवार चांगला होता, पण त्या दिवशी मी कॉलेजला गेले नव्हते, फोनची वायर काढून ठेवली होती, बेलवर टेप लावली होती आणि शिंक आली तर उशीत तोंड खुपसत होते. तो साधा दिवस म्हणायचा का, असं मीच त्यांना विचारलं. त्या काही लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. मी मागच्या आठवड्यात गेले, त्याच्या मागच्या, आणि प्रत्येक दिवसाला माझ्याकडे कारण होतं. पाणी कोमट होतं. शर्टाचा टॅग टोचत होता. माझा आवाज बसला होता. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा माझ्याकडचे आठवडे संपले होते.

ही चूक माझ्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला फळ्याजवळ बोलावून दाखवली असती. दोन टाकाऊ गठ्ठे एकत्र केले तर टाकाऊच, हा नियम आहे, आणि मी तो प्रत्येक वेळी पाळला. आज एक दिवस टाकला, उद्या त्यात एक मिळवला, परवा आणखी एक, आणि प्रत्येक पायरी बिनचूक होती. फक्त मी कधी थांबले नाही. असं न थांबता मिळवत राहिलं की काय उरतं याची हमी कुठलाच नियम देत नाही. टेकडीवरच्या त्या खोलीत बसल्यावर मला दिसलं की माझ्या टोपलीत अख्खी रांग गेली आहे. माझ्या मुलाचा साधा दिवस म्हणून दाखवायला माझ्याकडे एकही दिवस उरला नव्हता.

आणि हात न्हाणीघरात घसरून मोडला नाही. त्या दिवशी तू नव्हतास, तुझी बॅग नव्हती, वीज होती, शिंपीणबाई घरी होत्या, कपडे ड्रममध्ये फिरत होते. मी त्याला रोज देते तसा टॉवेल दिला. पुढचं तुला कळेल, तू त्याची ताकद पाहिली आहेस. नंतर तो मोरीच्या कोपऱ्यात कान दाबून बसला होता आणि मी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, टॉवेल नवा होता. हाडांच्या डॉक्टरांनी बोटं हलवून दाखवा म्हटलं तेव्हाही मी मनात तेच म्हणत होते, टॉवेल नवा होता, तेव्हा हा दिवस धरायचा नाही. बोटं हलत नव्हती. तुला मी घसरले म्हणून सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू टेकडीचं नाव काढलं असतंस.

आमच्यात गुच्छबिंदू म्हणून एक गोष्ट असते. रांग कुठल्याच एका ठिकाणी स्थिरावत नसली तरी काही ठिकाणांजवळ ती पुन्हा पुन्हा येत राहते, इतकी की तिचं ते येणं टोपलीत टाकता येत नाही. अशी ठिकाणं दोनही असतात, जास्तही. म्हणून ती रांग बिघडलेली असते असं नाही, ती तशीच असते. भुंगा बटणं लावतो आणि भुंगा हाड मोडतो. तो या दोन्ही ठिकाणी येत राहणार. तू एक ठिकाण खरं धरलंस आणि दुसऱ्याला अपवाद म्हणालास, मी बरोब्बर उलटं केलं, आणि आपण दोघं वर्षानुवर्षं भांडत राहिलो की खरा मुलगा कुठला. माझं शल्य वेगळंच आहे. मी त्याच्या अर्ध्याच दिवसांवर प्रेम केलं. बाकीच्या दिवशी मी कारण शोधत बसले होते आणि तो एकटा होता. हे लिहिताना रडू यायला हवं. येईल कधीतरी, सध्या नुसतं कळतंय.

काल सकाळी मी भुंग्याला टेकडीवर सोडून आले. तू जिंकलास असं समजू नकोस, तुझ्या कारणासाठी मी हे केलेलं नाही. तिथे माणसं पाळीपाळीने त्याच्याजवळ असतात, त्यामुळे त्याचा कुठलाच दिवस त्यांना टाकावा लागत नाही. मला टाकावा लागतो, कारण मी एकटी आहे आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्याच दारातून आत यायचं असतं. टॅक्सीत तो सगळा रस्ता गुणगुणत होता. तिथल्या एका बाईने त्याच्यासमोर मटारच्या शेंगांची परात ठेवली आणि तो खाली बसून दाणे एकीकडे आणि सालं एकीकडे करायला लागला. मी निघाले तेव्हा त्याने मान वर केली नाही. ते चांगलं की वाईट, हे मी ठरवणार नाही. भेटीला मला महिन्यातला एक रविवार मिळालाय, म्हणजे आता माझ्याही हाती थोडेच दिवस, आणि ते कसे निघतील हे मला सांगता येणार नाही. जहाज बंदराला लागलं की तूही तिथे जा. माझ्याबरोबर नको, तुझा वेगळा वार मागून घे, दोघांनी मिळून एकच दिवस पाहण्यात अर्थ नाही. जाऊन आलास की मला लिही. तो कसा होता एवढंच लिही, का तसा होता ते लिहू नकोस.

तुझीच,
मास्तरीण